टेबलावरील डोंगरदऱ्या : फोमपासून भूप्रतिकृती घडविण्याची कला

चार फूट लांब व चार फूट रुंद अशा टेबलावर बर्फाने झाकलेले एक उद्ध्वस्त नगर पसरलेले आहे. पडक्या बुरुजांच्या सावलीत बोटाच्या दोन पेरांएवढ्या उंचीचे सैनिक, धनुर्धर आणि मांत्रिक उभे आहेत. समोरासमोर बसलेले दोन खेळाडू मापपट्टीने अंतर मोजतात, फासे टाकतात आणि आपापली माणसे एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड नेतात. इंग्लंड, अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत तरुण व प्रौढ मंडळी फुरसतीच्या वेळी हा खेळ खेळताना दिसतात. त्याला ‘फँटसी स्कर्मिश’ म्हणजे अद्भुत कथाविश्वातील चकमकीचा खेळ असे म्हणतात. या खेळाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक वेळ ही मंडळी ज्या कामात घालवितात, ते म्हणजे खेळासाठी लागणारी भूमी स्वहस्ते घडविणे.

वरवर पाहता हा केवळ छंद वाटतो. तथापि त्यात प्रमाणशास्त्र आहे, सुतारकाम आहे, रंगकाम आहे आणि भूगोलाचे निरीक्षणही आहे. त्याचबरोबर ज्या पदार्थातून ही भूमी घडते, त्या पदार्थाच्या वापराविषयीचा एक गंभीर प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे. शाळेत प्रतिकृती करून घेणारे शिक्षक आणि गावाच्या विकासाचा आराखडा आखणारे पंचायत सदस्य या दोघांनाही या कलेची तोंडओळख उपयुक्त ठरावी.

राजदरबारापासून दिवाणखान्यापर्यंत

भूमीची लहान प्रतिकृती करण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, १६६८ च्या सुमारास, सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती करण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. लाकूड, कागद, रेशीम आणि वाळू यांचा उपयोग करून बहुतेक प्रतिकृती १:६०० या प्रमाणात बनविण्यात आल्या. शहराबाहेरील शेते आणि झाडेही त्यांत दाखविलेली असत. त्यामुळे वेढा कोठून पडेल, तोफा कोठे चढविता येतील, याचा विचार राजधानीत बसून करता येई. यांतील अनेक प्रतिकृती पॅरिसच्या एका संग्रहालयात आजही जतन केलेल्या आहेत.

पुढे प्रशियात या कल्पनेला खेळाचे रूप मिळाले. फोन राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धाचा एक खेळ सादर केला. त्यासाठी केलेल्या खास टेबलावर डोंगर, नदी, रस्ता, गाव यांचे उठावदार तुकडे हवे तसे मांडून निरनिराळे प्रदेश तयार करता येत. राइसविट्झच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. तेव्हा उठावदार तुकड्यांची जागा नकाशाने घेतली आणि हा खेळ प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे एक साधन बनला.

सामान्य माणसाच्या घरात हा खेळ आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांना दिले जाते. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडी ठोकळ्यांची घरे, डहाळ्यांची झाडे आणि शिशाचे सैनिक एवढ्या सामग्रीवर त्यांनी जमिनीवरची लढाई उभी केली. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध बरे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुर्दैवाने दुसऱ्याच वर्षी पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला.

अद्भुतरम्य कथांचा या खेळात प्रवेश झाला तो १९७० नंतर. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक १९७१ मध्ये निघाले आणि त्याच्या पुरवणीत चेटके, राक्षस व ड्रॅगन अवतरले. इंग्लंडमध्ये १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. त्यात मोठ्या सेना लागत. पण १९९९ मधील ‘मॉर्डहाइम’ आणि २०१५ मधील ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ या खेळांत प्रत्येक बाजूला दहापंधरा माणसांची टोळी पुरते. मॉर्डहाइम हे धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेले नगर, तर फ्रॉस्टग्रेव्ह हे शतकानुशतके बर्फाखाली गाडले गेलेले नगर अशी कल्पना आहे. माणसे कमी झाली आणि भूमीचे महत्त्व वाढले.

भूमी हा खेळाचा तिसरा भागीदार

चकमकीच्या खेळात भूमी ही निव्वळ शोभा नसते. धनुर्धराला समोरचा शत्रू दिसतो की नाही, हे खेळाडू टेबलाच्या पातळीवर डोळा आणून पाहतात. मध्ये भिंत असेल तर बाण सोडता येत नाही. अर्धे शरीर दगडाआड असेल तर नेम लागण्याची शक्यता कमी धरतात. दलदल, दगडगोट्यांचा उतार किंवा झाडी यांतून जाताना चाल मंदावते. उंच जागा हाती आली की लांबवर नजर ठेवता येते. साहजिकच सपाट व मोकळ्या टेबलावर धनुर्धरांची टोळी सहज जिंकते, तर भिंतींनी खच्चून भरलेल्या टेबलावर तलवारवाल्यांचे फावते. दोन्ही बाजूंना न्याय्य संधी मिळेल अशी भूमी मांडणे हे कारागिराचे पहिले कर्तव्य होय.

त्यासाठी अनुभवी मंडळी काही पथ्ये पाळतात. टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर अडथळ्यावाचून जाईल अशी सरळ रेषा शक्यतो ठेवीत नाहीत. रस्ते आणि जिने निदान दोन इंच रुंद ठेवतात, कारण दोन माणसे समोरासमोर आली म्हणजे त्यांच्या बैठका तेथे मावल्या पाहिजेत. उंच बुरुजावर चढण्याची वाट एकच न ठेवता दोन ठेवतात. नाही तर जो आधी चढला तो अजिंक्य होऊन बसतो.

फोम म्हणजे काय?

या कामात वापरला जाणारा फोम हा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा फुगविलेला प्रकार आहे. त्याचे दोन भेद ध्यानात ठेवावेत. पहिला भेद आपल्याकडे ‘थर्माकोल’ या नावाने घरोघर ठाऊक आहे. पॉलिस्टायरीनचे बारीक मणी वाफेने फुगवून साच्यात एकमेकांना चिकटविले म्हणजे तो तयार होतो. त्याचा बहुतांश भाग हवाच असल्याने तो अतिशय हलका असतो. मात्र कापताना मणी सुटतात, कडा भुगभुगीत होतात आणि त्यावर बारीक कोरीव काम ठरत नाही.

दुसरा भेद म्हणजे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन. यात वितळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये वायू मिसळून ते यंत्राच्या फटीतून अखंड तक्त्याच्या रूपाने बाहेर काढतात. याची पोकळ्यांची घडण अतिशय बारीक व एकसारखी असते आणि प्रत्येक पोकळी बंद असते. म्हणून त्यात पाणी मुरत नाही, सुरीने गुळगुळीत काप पडतो आणि बोथट पेन्सिलीने दाबले तरी रेघ स्पष्ट उमटते. मुळात हे तक्ते थंड प्रदेशांतील घरांच्या भिंती, तळघरे व छपरे यांत उष्णतारोधक म्हणून बसवितात. अमेरिकेत ते गुलाबी किंवा निळ्या रंगात मिळतात. बांधकामावर उरलेले तुकडे मिळवून त्यांतून डोंगर घडविणे ही या छंदातील जुनी रीत आहे.

फोमखेरीज लागणारी सामग्री साधी आहे : धारदार पात्याची सुरी, पोलादी पट्टी, काचकागद, सुतारकामातील पांढरा डिंक, बांबूच्या काड्या, तीन मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड, बारीक चाळलेली वाळू, लाकडाचा भुसा, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि जुने पण मऊ ब्रश.

आधी प्रमाण, मग आकार

या खेळातील माणसे साधारणतः २८ मिलिमीटर उंचीची असतात. माणसाची उंची १६८ सेंटिमीटर धरली तर हे प्रमाण १:६० येते. या हिशेबाने दोन मीटर उंचीचा दरवाजा सुमारे ३३ मिलिमीटरचा होईल. परंतु प्रत्येक माणूस तीनचार मिलिमीटर जाडीच्या बैठकीवर उभा असतो. म्हणून दरवाजा ४० मिलिमीटरचा केला तरच तो डोळ्याला योग्य वाटतो. मजल्याची उंची ७५ मिलिमीटर ठेवल्यास माणूस आत उभा करणारी बोटेही सहज जातात. केवळ गणिताने आलेले माप आणि हाताला व डोळ्याला मानवणारे माप यांचा मेळ घालणे हे प्रत्येक प्रतिकृतीत करावेच लागते.

उदाहरणादाखल एका टेकडीवरील पडक्या टेहळणी बुरुजाची कृती पाहू. ३० × २५ सेंटिमीटर आकाराचा हार्डबोर्डचा अनियमित लंबगोल तुकडा तळासाठी घ्यावा. त्याच्या कडा सुरीने व काचकागदाने उतरत्या कराव्यात, म्हणजे तो टेबलावर ठेवल्यावर पायरी दिसत नाही. त्यावर २५ मिलिमीटर जाडीच्या फोमचे दोन थर बसवावयाचे. वरचा थर खालच्यापेक्षा लहान असावा आणि निदान एका बाजूला माणूस उभा राहील एवढी सपाट पट्टी सुटावी. उतार तीस अंशांपेक्षा अधिक तीव्र झाला तर त्यावर माणसे घसरतात. म्हणून चढणीची बाजू सौम्य आणि बाकीच्या बाजू कड्यासारख्या तुटलेल्या ठेवाव्यात.

येथे निसर्गाचे निरीक्षण कामी येते. खडकाचे थर बहुधा एकाच दिशेने व एकाच कलाने जातात, कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या दगडांचा ढीग साचतो आणि पाणी वाहून जाण्याची घळ वरून खाली रुंदावत जाते. एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तरी टेकडी खरी वाटू लागते. महाराष्ट्रातील वाचकाला थरांची टेकडी विशेष ओळखीची वाटेल. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले व सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ हे जे नाव आहे, ते जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आले आहे.

कापणी आणि बांधणी

फोम कापताना सुरीचे पाते पूर्ण धारेचे असावे. बोथट पाते फोम कापीत नाही, फाडते. जाड तक्ता एका दमात कापू नये. पट्टी धरून पाते त्याच रेघेवरून तीनचार वेळा फिरवावे. सुरी आपल्या बोटांपासून दूर जाईल अशीच चालवावी. गोलाकार व तिरक्या कापांसाठी तप्त तारेचे यंत्र वापरतात. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची ताणलेली तार कमी दाबाच्या विजेने तापते आणि फोममधून लोण्यातून सुरी जावी तशी जाते. तार लाल होईपर्यंत तापवू नये. फोम शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागतो. धूर निघू लागला तर तार गरजेपेक्षा अधिक तापली आहे असे समजावे.

थर चिकटविण्यासाठी पांढरा डिंक चालतो, पण येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. फोमच्या पोकळ्या बंद असल्यामुळे डिंकातील पाणी शोषले जात नाही आणि दोन मोठ्या थरांच्या मधोमध डिंक कित्येक दिवस ओलाच राहतो. यास्तव डिंक ठिपक्याठिपक्यांनी लावावा, थरांतून बांबूच्या काड्या आरपार टोचाव्यात आणि वर वजन ठेवून निदान एक रात्र जाऊ द्यावी. काड्यांमुळे डिंक सुकेपर्यंत थर सरकत नाहीत आणि पुढेही जोड पक्का राहतो.

बुरुजासाठी दहा मिलिमीटर जाडीच्या फोमच्या चार भिंती घ्याव्यात. बाजू दहा सेंटिमीटरची आणि सर्वांत उंच कोपरा पंधरा सेंटिमीटरचा असावा. समोरचा कोपरा ढासळून तीन सेंटिमीटरवर आलेला दाखवावा. भिंती जोडण्यापूर्वीच त्यांवर दगडांची बांधणी उमटवून घ्यावी. पट्टी धरून पाच पाच मिलिमीटरवर आडव्या रेघा पेन्सिलीने दाबून काढाव्यात आणि प्रत्येक ओळीत आठ ते बारा मिलिमीटरवर उभ्या रेघा पाडाव्यात. वरच्या ओळीतील सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. गवंडी हाच नियम पाळतो, आणि जी भिंत प्रत्यक्षात टिकणार नाही ती प्रतिकृतीतही खोटी दिसते. नंतर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा चुरगळलेला गोळा भिंतीवर दाबून फिरविला की दगडाचा खडबडीतपणा उमटतो. काही दगड बोटाने आत दाबावेत, काहींच्या कडा खरवडाव्यात.

ढासळलेल्या बाजूच्या पायथ्याशी पडलेले दगडही दाखविले पाहिजेत. भिंतीचा वरचा भाग गेला आहे आणि खाली एकही दगड नाही, ही चूक वारंवार आढळते. कापकामात उरलेले तुकडे यासाठी जपून ठेवावेत. मजल्याच्या तुळया उदबत्तीच्या काड्यांच्या करता येतात. शेवटी फटी लांबीने भरून, तळावर डिंकाचा हात फिरवून त्यावर वाळू पसरावी. सर्वत्र सारखी वाळू पसरू नये; माणसे चालतात त्या वाटेवर बारीक आणि कड्याखाली जाड असा भेद ठेवावा.

रंग : काळ्याकडून उजळाकडे

फोमवर फवाऱ्याच्या डब्यातील रंग थेट मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. अशा रंगांतील द्रावके पॉलिस्टायरीन विरघळवितात आणि अनेक दिवसांचे काम काही क्षणांत खड्ड्याखड्ड्यांचे होते. म्हणून पहिला थर काळा ॲक्रिलिक रंग आणि पांढरा डिंक सम प्रमाणात मिसळून ब्रशाने द्यावा. या थराने तीन कामे साधतात : फोम झाकला जातो, वाळू पक्की बसते आणि पृष्ठभागावर एक टणक कवच येते. हे कवच नसेल तर बैठकांच्या घर्षणाने रंग उडून आतला गुलाबी किंवा निळा फोम डोकावू लागतो. हा थर तळाच्या खालच्या बाजूसही द्यावा. डिंक सुकताना आकसतो व हार्डबोर्ड एका बाजूस वाकतो. दोन्ही बाजूंस लेप असला की ताण समान राहतो.

काळा थर पूर्ण सुकल्यावर दगडावर गडद राखाडी रंग द्यावा. संपूर्ण भिंत एकाच राखाडी रंगाची ठेवू नये; दहापैकी दोनतीन दगडांना किंचित तपकिरी, एखाद्याला हिरवट छटा द्यावी. त्यावर काळसर तपकिरी रंग भरपूर पाण्यात मिसळून त्याचा वॉश सोडावा. हे पातळ पाणी सांध्यांत उतरते आणि तेथे सावलीचा आभास निर्माण करते. वॉश पुरता वाळल्यावर फिकट राखाडी रंगाचा कोरडा हात द्यावयाचा. त्यासाठी ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि पृष्ठभागावरून हलकेच वरून खाली फिरवावा. रंग केवळ उंचवट्यांना लागतो आणि प्रत्येक दगडाची कड उठून दिसते. अशा रीतीने दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी अधिक फिकट रंग व अधिक हलका हात, असे काम करावे.

या पद्धतीमागे साधे कारण आहे. खऱ्या बुरुजाच्या फटीत खोल सावली असते. पाच मिलिमीटरच्या दगडाच्या फटीत ती पुरेशी पडत नाही. ऊन वरून येते, म्हणून उंचवटे उजळ व खोलगट भाग गडद दिसतात. लहान वस्तूवर प्रकाश जे काम पुरेसे करू शकत नाही, ते रंगाने करावे लागते.

शेवटी झाडोरा आणि ऋतू. रंगविलेला भुसा डिंकावर शिंपडून गवत करता येते. ते ओल धरणाऱ्या कोपऱ्यांत आणि भिंतीच्या पायथ्याशी असावे, वाऱ्याच्या तोंडावरील माथ्यावर कमी. बर्फ दाखविण्यासाठी काहीजण खाण्याचा सोडा डिंकात कालवितात, परंतु तो कालांतराने पिवळा पडतो; त्याऐवजी पांढऱ्या रंगात बारीक पांढरी वाळू मिसळणे टिकाऊ ठरते. सर्व काम सुकल्यावर पाण्यात मिसळणारे, चकाकी नसलेले व्हार्निश ब्रशाने द्यावे.

हौस आणि जबाबदारी

या कामातील धोके लपवून ठेवणे उचित नव्हे. तापलेल्या पॉलिस्टायरीनमधून स्टायरीन या द्रव्याची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनची गणना माणसाला बहुधा कर्ककारक ठरणाऱ्या द्रव्यांत केली. म्हणून तप्त तारेचे काम बंद खोलीत करू नये. खिडक्या उघड्या ठेवून व हवा बाहेर फेकणारा पंखा लावूनच करावे. काचकागद घासताना उडणारी भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क बांधावा. फोम सहज पेट घेतो आणि दाट काळा धूर सोडतो. पणती, मेणबत्ती किंवा उदबत्ती यांच्या सान्निध्यात तो ठेवू नये. उरलेले तुकडे जाळण्याचा विचारही करू नये. लहान मुलांच्या हाती सुरी किंवा तप्त तार मुळीच देऊ नये.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. पॉलिस्टायरीन मातीत कुजत नाही. त्याचे केवळ बारीक बारीक तुकडे होतात आणि ते गटारे, नदीनाले व शेवटी समुद्र गाठतात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले यांबरोबरच सजावटीतील थर्माकोलवरही बंदी आणली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी अशी थर्माकोलची सजावट करणाऱ्या कारागिरांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये मान्य केली नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाच्या नियमांनुसार सजावटीसाठी पॉलिस्टायरीन वापरण्यास देशभर मनाई झाली. ज्या कारागिरांचे हात वर्षानुवर्षे मखरे कोरण्यात तरबेज झाले होते, त्यांना पुठ्ठा, कागदाचा लगदा, बांबू व कापड यांकडे वळावे लागले. कौशल्य पदार्थाबरोबर नष्ट होत नाही. परंतु ते नव्या पदार्थावर उतरविण्यास वेळ, शिक्षण व साहाय्य लागते, याची जाणीव स्थानिक संस्थांनी ठेवावयास हवी.

पाश्चात्त्य देशांतील खेळाडू असा बचाव मांडतात की, त्यांची टेकडी एका दिवसाची सजावट नसून वीसवीस वर्षे वापरली जाते. त्यात तथ्य आहे. परंतु कापताना पडणारा चुरा आणि उरलेले तुकडे यांचा हिशेब त्यांनाही द्यावाच लागतो. म्हणून त्यांच्यातील जाणती मंडळी नवा तक्ता विकत आणण्याऐवजी बांधकामावरील तुकडे व यंत्रसामग्रीच्या खोक्यांतील वेष्टन वापरतात, आणि कापकाम मोठ्या पेटीत करून चुरा गोळा करतात.

शाळा आणि गाव यांसाठी

महाराष्ट्रातील मुलांना ही विद्या अगदीच अपरिचित नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा, गोणपाट व माती यांचा किल्ला उभा राहतो. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरली जाते आणि आठवड्याभरात डोंगर हिरवा होतो. मातीचे मावळे, सिंहासनावरील शिवछत्रपती, बुरुज, तलाव व दरवाजे हे सारे त्यात येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात, तर जिंजीचा किल्ला तमिळनाडूत आहे. यंदाचा किल्ला मनाने न रचता राजगडाची तिन्ही माची नकाशावरून पाहून रचावयाचा, असे शिक्षकांनी सुचविले तर हीच हौस भूगोलाचा व इतिहासाचा धडा होईल. प्रमाण ठरविणे, सांधे चुकविणे, कड्याखाली दगड टाकणे, काळ्याकडून उजळाकडे जाणे, ही या लेखात सांगितलेली सूत्रे माती व पुठ्ठा यांसही जशीच्या तशी लागू पडतात.

पंचायतीसाठी याच कलेचा एक उपयोग विशेष मोलाचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर सामान्यतः दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. पाचशे हेक्टरांचे पाणलोट क्षेत्र म्हणजे सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीरुंदीचा भूभाग. नकाशा दहापट मोठा करून १:५,००० वर आणला तर तो ४५ सेंटिमीटरच्या चौकोनात बसतो. या प्रमाणात वीस मीटर म्हणजे चार मिलिमीटर. पाच मिलिमीटर जाडीचा पन्हाळीदार पुठ्ठा प्रत्येक समोच्च रेषेवर कापून एकावर एक चिकटविला, तर उंची किंचित म्हणजे सव्वापट वाढलेली दिसेल आणि डोळ्याला ती सोयीचीच ठरेल. नाल्यापासून माथ्यापर्यंत १६० मीटरांचा फरक असेल तर आठ थर लागतील. त्यावर कागदाच्या लगद्याचा पातळ हात फिरवून, रंग देऊन, विहिरी, बंधारे, वस्त्या व गायराने टाचण्यांनी दाखविता येतील.

थायलंड व फिलिपाइन्स या देशांत १९९० च्या दशकापासून वनक्षेत्रातील ग्रामस्थांनी स्वतः केलेल्या अशा उठावदार नमुन्यांचा नियोजनासाठी उपयोग करण्यात आला आहे. त्यातील मर्म सोपे आहे. समोच्च रेषांचा नकाशा वाचता न येणारा शेतकरीही नमुन्यावर आपले शेत बोटाने दाखवू शकतो. पाणी कोठून येते आणि बंधारा कोठे घातला तर कोणाची जमीन बुडेल, हे त्याला त्या क्षणी दिसते. कागदावर मान्य झालेला आराखडा आणि डोळ्यांनी पाहून मान्य केलेला आराखडा यांत हेच अंतर आहे.

राइसविट्झने राजासमोर मांडलेल्या टेबलापासून मॉर्डहाइमच्या पडक्या वाड्यांपर्यंत ज्या कलेचा प्रवास झाला, तिच्या मुळाशी भूमी वर उचलून हातात घेऊन पाहण्याची माणसाची इच्छा आहे. खेळाडू ती जिंकण्यासाठी पाहतो, विद्यार्थी शिकण्यासाठी. ग्रामसभेने आपल्या गावाचा आठ थरांचा डोंगर एकदा चावडीवर मांडावा आणि त्यावर पेलाभर पाणी ओतावे. ते पाणी कोणत्या बाजूला वाहते, हे पाहून बरीचशी चर्चा आपोआप सुरू होईल.